सावलीतली मानाची जागा

१

फितुरी करून दालिसायला काय काय मिळणार होतं, याचा हिशोब काबुलिहानच्या बायकांनी नदीवर दोन घमेली कपडे पिळून होईपर्यंत पुरा करून टाकला. एक, सान इसिद्रोची मूर्ती वर्षभरासाठी तिच्या माहेरी, पुंताला गेली. दोन, मूर्तीला पहिला खांदा द्यायचा मान तिच्या बापाला मिळाला. तीन, जन्मात एकाही कोड्याचं उत्तर न दिलेला तिचा भाऊ तिबो एका दुपारीत शहाणा ठरला. चार, दोन वर्षं सासरी 'मासळीवाली' म्हणून जे टोमणे खाल्ले त्यांचं उट्टं निघालं. खर्चाची बाजू कुणी मांडलीच नाही. बायकांना घरी जायची घाई होती.

प्रकार घडला तो सणाच्या दुपारी. मे महिन्यात, सान इसिद्रोच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या संताच्या, दिवशी, डोंगराकडचं काबुलिहान आणि समुद्राकडचं पुंता ही दोन गावं देवळाच्या अंगणात गोल टेबलाभोवती बसतात. एकेका गावाचे पाच जण. विचारणाऱ्याने टेबलावर करवंटी फिरवायची. करवंटीच्या कडेवर चुन्याची एक पांढरी रेघ असते. ती रेघ ज्याच्याकडे तोंड करून थांबेल त्याने एकट्याने उत्तर द्यायचं, शेजाऱ्याने कुजबुजायचं नाही. मूर्ती ज्या गावात ते गाव तीन कोडी घालतं; पाहुण्यांनी एक जरी सोडवलं तर मूर्ती वर्षभर त्यांची, नाहीतर होती तिथेच. करवंटी सान इसिद्रो स्वतः फिरवतो अशी दोन्ही गावांची श्रद्धा, त्यामुळे ती कुठे थांबली यावर वाद घालायची पद्धत नाही.

युद्धाआधी मूर्ती कधी इथे कधी तिथे असायची. युद्धात देऊळ जळलं, जुनी करवंटीही गेली. नव्या देवळातल्या पहिल्या सणापासून मात्र काबुलिहान सलग बारा वर्षं जिंकत आलं होतं, आणि ते जिंकवलं होतं लोला बासिलिसाने. लोला म्हणजे आजी. ही दालिसायच्या नवऱ्याची सख्खी आणि अख्ख्या गावाची. सत्तरी उलटलेली, तोंडात सदा विडा, आणि पन्नास वर्षांत तिला घातलेलं एकही कोडं अनुत्तरित राहिलेलं नाही अशी तिची ख्याती.

यंदाही तिने रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना हात धरून बसवलं, आंब्याच्या सावलीच्या बाजूला. सावलीच्या मधोमध, मानाच्या जागेवर, तिने तिबोला बसवलं. "नातसुनेचा भाऊ, याला उन्हात कसं बसवू?" म्हणाली. पहिली दोन कोडी तिने घातली. दोन्ही वेळा करवंटी तिबोकडे वळली आणि दोन्ही वेळा तिबो माशासारखा तोंड उघडून बसला. सान इसिद्रोला आज गंमत करायची आहे असं म्हणून लोक पोट धरून हसले.

शेवटच्या कोड्यावर निकाल अडला होता. ते लोलाचं नव्हतं. गावाने यंदा पहिल्यांदाच ते माएस्त्रा उर्बानाला घालायला सांगितलं होतं. शाळेची ही मास्तरीण नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि तेव्हापासून लोलाच्या जिन्यावर बसून ती कोडी शिकली. हे कोडं तिने सहा महिने घासलं होतं. तिने करवंटी फिरवली. रेघ पुन्हा तिबोकडे.

"खाली माणसं, वर वाट, एका वेळी एकच पाऊल;
हलका जातो, जड परततो, मातीला नाही चाहूल."

असं ते कोडं. पण दुसरी ओळ अंगणाने ऐकलीच नाही. 'पाऊल' म्हणेपर्यंत तिबो उठला आणि म्हणाला, "माडी काढणाऱ्याचा पूल. माडावरून माडावर जायचा, बांबूचा."

पुंतात माडी कुणी काढत नाही. तिबोने तो पूल खालून तरी कधी नीट पाहिला होता की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गावाचा तेनिएंते फाउस्तो शाळेत आला. हा गावचा कारभारी. पोट पुढे, निर्णय त्याच्याही पुढे. "रविवारी प्रार्थना झाली की दालिसायला तिच्या बापाकडे पोचवायचं," तो म्हणाला. "आणि तिच्या पोराला या गावातलं कुणी बाप्तिस्म्याला धर्माचे आईबाप म्हणून उभं राहणार नाही. माएस्त्रा, तुम्हीही नाही."

सहा महिन्यांच्या गरोदर बाईच्या पोराला आधीच पोरकं करायचं ठरलं होतं. उर्बानाने खडू खाली ठेवला. "रविवार व्हायला पाच दिवस आहेत," ती म्हणाली.

"पाच दिवसांत काय होणार?"

"तेच बघते. कोडं माझं होतं, फाउस्तो. चोरी माझ्या घरातली आहे."

२

दालिसाय त्याच दुपारी शाळेच्या दारात आली.

"आत येऊ का, की आधी माठ झाकून घेता?"

"ये. आणि बस. उभ्याने पोट अवघडतं."

ती बाकावर बसली, मुलांच्या, गुडघे वर करून. रडून झालेलं होतं. आता फक्त राग उरला होता, आणि राग तिला शोभत होता.

"माएस्त्रा, मी गयावया करायला आले नाही. एवढंच सांगते, मला फितूर व्हायचंच असतं तर मी बापाला सांगितलं असतं. पाचांत कोडी सोडवणारे दोघेच, माझा बाप आणि मांग कुलास, म्हणजे आमचे कुलासकाका. तिबोला कोण सांगेल? त्याला मीठ आण म्हटलं तर विचारतो, कशातून आणू."

उर्बानाला हसू आलं ते तिने आवरलं. "पण कोडं तू ऐकलं होतंस. आदल्या रविवारी, लोलाच्या घरी."

"ऐकलं. आल्याचा काढा देत होते तुम्हा तिघांना. तुम्ही कोडं म्हणालात, तेनिएंतेने डोकं खाजवलं, आणि तुम्ही उत्तर सांगणार तेवढ्यात लोला मला म्हणाली, भात लागतोय, चुलीकडे जा."

"मग?"

"भात लागत नव्हता. भात अजून चुलीवर चढवलाच नव्हता." दालिसायने पदराच्या टोकाशी चाळा केला. "मला तेव्हा वाटलं, माहेरवाशीण म्हणून विश्वास नाही. वाईट वाटलं. आता वाटतं बरं झालं, उत्तर ठाऊक नव्हतं. पण हे मी कुणाला सांगू? नवरा म्हणतो, आजी खोटं का बोलेल. आजीने काय सांगितलं ठाऊक आहे? 'ती तिथेच होती बाबा, बाकी मी म्हातारी काय बोलू.' एवढंच. एवढ्यावर मला घराबाहेर काढतायत."

उर्बानाच्या मनातली यादी लहान झाली. उत्तर तिघांना ठाऊक होतं. ती स्वतः, लोला आणि फाउस्तो.

फाउस्तोला काय मिळत होतं? पुष्कळ. जे गाव जिंकेल त्याने सणाच्या रात्री दोन्ही गावांना जेवू घालायचं. इतकी वर्षं कारभारी म्हणून पहिलं डुक्कर त्याच्या गोठ्यातलं जायचं, आणि दर वर्षी तो ते डुक्कर नावानिशी आठवायचा. संध्याकाळी उर्बाना त्याच्याकडे गेली तेव्हा तो खोबरं वाळत घातलेल्या तट्ट्यापाशी बसला होता.

"मी?" तो म्हणाला. "माझ्यावर संशय घ्यायला आलात?"

"यंदा डुक्कर वाचलं तुमचं."

"वाचलं. खोटं कशाला बोलू, पाहून बरं वाटतं रोज सकाळी." त्याने खोबऱ्याचा तुकडा परतला. "पण मला पुंताला जिंकवायचं असतं तर मी दालिसायच्या बापाला गाठलं असतं. दर आठवड्याला त्याच्या होडीत माझं खोबरं जातं. तिबोशी मी का बोलू? मागे त्याला निरोप दिला होता, आजवर पोचायचाय."

पुन्हा तेच. ज्याला विचारावं तो म्हणे, मी सांगितलं असतं तर बापाला. आणि ज्याने सांगितलं त्याने मात्र नेमका तिबो निवडला होता.

परतताना ती लोलाच्या जिन्याशी थांबली. म्हातारी पायरीवर सुपारी कातरत होती. उर्बानाने रोजच्यासारखा, आशीर्वाद घ्यायला, तिचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला.

"जेवलीस का, पोरी? चेहरा उतरलाय."

"लोला, माझं कोडं वाईट होतं का?"

"छे. चांगलं होतं." म्हातारीने विडा गालात सारला. "पण नशीब लागतं. मूर्तीपुढे नुसती हुशारी चालत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मी बसेन, तू शेजारी बस. घाई काय आहे?"

किती प्रेमाने म्हणाली. उर्बानाला त्या क्षणी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. खरं तर ठेवलंही असतं, पण सुपारी कातरणारा अडकित्ता मधेच थांबला आणि लोलाने सहज विचारलं, "पुंताला जाणार आहेस म्हणे?"

ते उर्बानाने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

३

पुंताला ती शुक्रवारी गेली. मूर्ती त्यांच्या लहानशा देवळात उभी होती, गळ्यात झेंडूऐवजी शिंपल्यांची माळ. इतक्या वर्षांनी आलेल्या पाहुण्याला ठेवतात तशी ठेवली होती, जरा जास्तच सांभाळून.

मांग कुलास जाळं शिवत होता. पांढऱ्या मिशा, एक डोळा समुद्राने नेलेला.

"या माएस्त्रा. मूर्ती परत न्यायला आलात तर खांदेकरी कुठायत?"

"उत्तर न्यायला आले. तुम्हाला माझं कोडं सुटलं होतं का?"

"कुठलं सुटतंय. पहिली ओळ ऐकली, वाटलं कोळिष्टकाचा धागा. मनात म्हटलं दुसरी ओळ ऐकू. तेवढ्यात आमचा पंडित उठला." तो हसला. "दालिसायच्या बापाने तर छातीवर क्रूस काढला. त्याला वाटलं पोराला झटका आला."

"म्हणजे पाचांपैकी चौघांना काहीच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर आधीची दोन कोडी त्या गाढवाला अडली म्हणून आम्ही जीव टाकत बसलो असतो का?"

उर्बाना वाळूवर बसली. हे ती घरून निघतानाच अर्धंमुर्धं जुळवून आली होती, आता पुरं झालं. पाच जण बसणार. करवंटी कुणाकडेही वळू शकते. फितुराला आपलं काम फुकट जाऊ द्यायचं नसेल तर तो पाचांना सांगेल, निदान शहाण्या दोघांना तरी. एकट्या तिबोला सांगणारा माणूस मूर्ख असला पाहिजे.

किंवा त्याला ठाऊक असलं पाहिजे की करवंटी तिबोकडेच वळणार.

"मांग कुलास," तिने हळूच विचारलं, "आंब्याखालच्या मधल्या जागेवर तुम्ही कधी बसला होतात का?"

"तव्यावर?" त्याने जाळं खाली ठेवलं. "आम्ही तिला तवा म्हणतो. सावली थंड, पण बसणारा भाजून निघतो. तुमच्या गावाची करवंटी तिथेच येते की. देवाची इच्छा. मी बसलो होतो माझी बायको गेली त्या वर्षी. पंधरा दिवस झाले होते. तुमच्या लोलाने हात धरला, म्हणाली, दुःखाचा माणूस, सावलीत बस. तिन्ही कोडी माझ्यावर आली. त्या दिवशी मला कुणी माझं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं."

"आणि तुमच्या आधी?"

"आधीच्या वर्षी तापातून उठलेला बेनितो. नंतर एकदा बहिरा सिमोन." तो बोटं दुमडत गेला आणि चौथ्या बोटाशी थांबला. त्याचा एकच डोळा होता, पण तो आता उर्बानाच्या चेहऱ्यावर रोखलेला होता. "माएस्त्रा, मी हे असं ओळीने कधी मोजलं नव्हतं."

तिबो होडीला टेकून उभा होता. तिने विचारण्याआधीच त्याने मान हलवली.

"मी सांगणार नाही. सान इसिद्रोच्या पायाला हात लावून शपथ घातलीय."

"कुणी घातली?"

"तेच तर सांगायचं नाही ना." तो होडीची दोरी उगाच सोडू लागला. "मला म्हटलं, नाव घेतलंस तर तुझ्या बहिणीचं घर मोडेल."

"तिबो, घर परवा मोडणार आहे. तू नाव न घेतल्यामुळे."

तो होडीच्या कडेवर बसला. वाळूकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, म्हातारीला माझी दया आली."

४

नाव मिळालं होतं, म्हणजे खरं तर नाव न घेताच मिळालं होतं. पण काबुलिहानात तिबोच्या शब्दाची किंमत काय? बहिणीला वाचवायला बोलतो म्हणतील. शिवाय उर्बानाला स्वतःलाच ते खोटं ठरायला हवं होतं. परतीच्या वाटेवर तिने लोलासाठी चार सबबी शोधल्या आणि चारही गावाच्या वेशीपर्यंत टिकल्या नाहीत.

शनिवारी सकाळी तिने देवळातून करवंटी घेतली. रिकाम्या कोनाड्याखाली ती ठेवलेली असे. आधी शाळेतल्या सपाट टेबलावर वीस वेळा फिरवली. रेघ कधी फळ्याकडे, कधी खिडकीकडे, कधी दाराकडे. मग ती अंगणातल्या गोल टेबलाशी गेली. सणानंतर ते अजून हललेलं नव्हतं. दर वर्षी त्याच चार सपाट दगडांवर ठेवायचं अशी पद्धत, आणि अंगणातलं पाणी आंब्याच्या मुळाशी उतरतं तेव्हा दगडही तिकडे जरासे कललेले. डोळ्याला दिसू नये इतके.

वीस वेळा फिरवली. सतरा वेळा रेघ आंब्याखालच्या मधल्या जागेकडे.

फाउस्तो मागे येऊन उभा होता, किती वेळ कोण जाणे.

"हे काय चाललंय?"

तिने केसांतला काटा काढला आणि करवंटीच्या आतल्या बाजूला, बरोबर रेघेच्या खाली खरवडलं. काळी काजळी निघाली. तिच्याखाली पिवळट, काचेसारखं काहीतरी.

"राळ," फाउस्तो म्हणाला. "होडीच्या फटी बुजवतात ती." त्याचा चेहरा उजळला. "बघा. होडीची राळ. पुंतावाल्यांचंच काम. ती पोरगी..."

"तिला येऊन दोन वर्षं झाली. या राळेवर धुराचे थर किती आहेत बघा. तडे बघा. आणि ही बाजू जड झाल्याने कुणाचा फायदा झाला? बारा वर्षं जिंकलं कोण?"

फाउस्तोने काटा हातात घेऊन स्वतः खरवडलं. मग आंब्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. तो हळू विचार करणारा होता, पण एकदा गाडी निघाली की थांबत नसे. त्याचं तोंड उतरत गेलं.

"करवंटी कुणी घडवली?" उर्बानाने विचारलं.

"लोलाने. युद्धानंतर. नवऱ्याची जुनी होडी मोडली त्याच वर्षी."

"पाहुण्यांना बसवतं कोण?"

"लोला."

"तिबोला मधोमध कुणी बसवलं?"

त्याने काटा तिला परत दिला.

"ऐका. करवंटी फितुरीसाठी बिघडवलेली नाही. ती जिंकण्यासाठी बिघडवलेली आहे, पहिल्या वर्षापासून. दर वर्षी लोला पाचांतला सगळ्यांत दुबळा माणूस हेरायची, मानाने सावलीत बसवायची आणि कोडं त्याच्यावर जायचं. तिथे यंदा कोण बसणार हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दालिसायला ठाऊक नव्हतं म्हणून तिने सांगितलं असतं तर बापाला. तुम्ही सांगितलं असतंत तर तुम्हीही बापाला. फक्त तिबोला तोच सांगेल ज्याला ठाऊक आहे की उत्तर फक्त तिबोलाच लागणार."

"पण तिने का हरवावं? स्वतःचं गाव?"

"गाव हरलं का ते?" उर्बाना म्हणाली. "आधीची दोन कोडी तिची होती. ती तिबोला सुटली नाहीत. सुटलं ते माझं."

फाउस्तोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "माझी अकरा डुकरं," तो पुटपुटला, "खोट्या विजयाला गेली."

"बारा."

"पहिल्या वर्षी डुक्कर नव्हतं. युद्ध नुकतंच संपलं होतं, कोंबड्या कापल्या." मग त्याला भलत्याच वेळी भलतं बोलल्याचं कळलं असावं. "उद्या काय करायचं?"

"उद्या टेबल इथेच राहू दे. पुंताच्या पाचांना बोलावणं पाठवा. आणि लोलाला सांगा, मला तिच्याशी कोडी खेळायची आहेत."

५

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सगळं गाव अंगणात थांबलं. दालिसायची पेटी जिन्याखाली बांधून ठेवलेली होती, तिचा नवरा पेटीवर बसलेला. पुंताचे पाच जण झाडाच्या पलीकडे उभे, कशाला बोलावलं ते न कळून.

लोला आली, कोडी घालणाऱ्याच्या तिच्या खुर्चीकडे निघाली. उर्बानाने तिचा हात धरला.

"आज सावलीत बसा, लोला. मानाची जागा."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं कोड्यांत घालवलेली बाई. तिला दुसरी ओळ लागत नसे. पण लोकांसमोर नाही म्हणायलाही कारण लागतं. ती आंब्याखाली बसली, हात मांडीवर ठेवून.

उर्बानाने करवंटी फिरवली. रेघ लोलाकडे. पुन्हा फिरवली. लोलाकडे. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा पुंताच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. मांग कुलास असावा.

"एकदा तरी चुकेल म्हणून बघत होते," उर्बाना म्हणाली. "चुकत नाही. आता कोडं."

"घाल की," लोला म्हणाली. "म्हातारीची थट्टा करायची असेल तर तेही कर."

उर्बानाने कोडं घातलं. आवाज शाळेत हजेरी घेतानाचाच होता.

"लावलं, पाणी घातलं, जपलं उन्हापावसात;
सावली मोठी झाली तेव्हा कुऱ्हाड कुणाच्या हातात?"

कुणी उत्तर शोधायला आकाशाकडे बघत होतं. दोघाचौघांनी टोळधाड म्हटलं, मनातल्या मनात, ओठ हलवून. तिबो मात्र जमिनीकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक कोडं आपलं आपण सुटलं होतं आणि ते त्याला नको होतं.

लोलापुढे दोन वाटा होत्या. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. तिबोचा शब्द काय, राळ काय, म्हातारीने रडून सगळं धुऊन काढलं असतं. फक्त पन्नास वर्षांत एक कोडं अडलं असं झालं असतं, तेही उर्बानाचं. उर्बानाने तिला कुठे धरलंय हे तिला कळलं. जिन्यावर बसवून शिकवलं होतं तिनेच: उत्तर न देता जाववणार नाही असं विचार.

तिने विडा हातरुमालात काढून ठेवला.

"लावणाऱ्याच्या," ती म्हणाली.

"नाव?"

"नाव कशाला, सोपं आहे." मग तिने मान वर केली. "माझ्या."

दालिसायचा नवरा पेटीवरून उठला. फाउस्तोने करवंटी उचलली आणि आतली राळ सगळ्यांना दिसेल अशी धरली, एकेकाच्या नाकाशी नेऊन. पुंताच्या पाचांपैकी बहिरा सिमोन शेजाऱ्याला विचारत होता काय झालं, आणि शेजारी त्याला त्याचीच गोष्ट ओरडून सांगत होता.

"युद्धात दोन मुलगे गेले," लोला बोलत होती, कुणाकडेच न बघता. "देऊळ गेलं. मूर्ती तेवढी मी विहिरीत लपवून वाचवली होती. ती दुसऱ्या गावात जाणार म्हणून मला झोप येईना. एकदाच करायचं म्हणून राळ लावली. मग काढायचं धैर्य झालं नाही."

"ते मला कळतं," उर्बाना म्हणाली. "माझं काय?"

म्हातारीने हातरुमालाची घडी घातली.

"तू जिंकलीच असतीस, पोरी. तिबो समोर होता. कशाने जिंकलीस ते मला एकटीला ठाऊक असतं. आणि लोक म्हणाले असते, माएस्त्रामुळे. खुर्ची तुला मिळाली असती." तिने तोंड पुसलं. "मी ती रिकामी तरी बघू शकले असते. तुला त्यात नाही."

"आणि दालिसाय?"

"तिच्यावरच जाईल हे धरून चालले होते. दोन वर्षं तिने माझी सेवा केली, खोटं बोलणार नाही. पण दुसरं होतंच कोण?"

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की दालिसायने डोळे मिटून घेतले. मग ती पुढे आली, जिन्याखालची पेटी एका हाताने ओढत. नवऱ्याने पेटीला हात लावला तसा तिने झटकला. "आता उचलायला आलात," ती म्हणाली. "मंगळवारी कुठे होतात?"

लोलाने उर्बानापुढे हात केला, रोज करायची तसा, कपाळाला लावण्यासाठी. उर्बानाने तो पाहिला. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग म्हातारीने तो मांडीवरच्या दुसऱ्या हातात घेतला, जणू तोच धरायचा होता.

त्यानंतरचा हिशोब असा मिटला.

पुंताने मूर्ती ठेवली, एका वर्षासाठी नाही, बारा वर्षांसाठी. दोन्ही गावांनी मिळून ठरवलं. पण मांग कुलास म्हणाला, बायको गेली त्या वर्षी देव माझ्यावर उलटला असं मानून मी बारा महिने देवळात गेलो नाही, ते वर्ष कोण देणार? फाउस्तोची डुकरं वाचली, पण पुढच्या निवडणुकीत कारभार गेला. गावाला कुणावर तरी राग काढायचा होता आणि म्हातारीवर काढवेना. तिबोला पुन्हा टेबलाशी कुणी बसवलं नाही. एका दुपारचं शहाणपण त्याने चार दिवस उपभोगलं होतं, तेही गेलं.

दालिसाय माहेरीच बाळंत झाली. मुलगी झाली. धर्माची आई म्हणून उर्बाना उभी राहिली. नवरा दोन महिने पुंताच्या फेऱ्या मारत होता. शेवटी त्याने दोन्ही गावांच्या मधे, कुणाच्याच हद्दीत नाही अशा माळावर घर बांधलं, तेव्हा ती त्याच्याकडे गेली. लोलाच्या घरचं पाणी ती अजून पीत नाही.

लोलाची खुर्ची कुणी काढून नेली नाही. अंगणात ती तशीच राहिली, आणि लोला बसायला आली तर लोक वाट सोडतात, सुपारीही पुढे करतात. फक्त कोडं कुणी घालत नाही.

राळ काढलेली करवंटी उर्बानाकडे आहे. सणानंतर तिसऱ्या महिन्यात तिला एक नवं कोडं सुचलं, पहिल्यापेक्षा चांगलं. शाळा सुटल्यावर ती ते ओठांत घोळवत निघाली आणि पाय सवयीने लोलाच्या जिन्याशी आले. पहिल्या पायरीवर पाय पडला. वर अडकित्त्याचा आवाज येत होता. तो थांबला, वरच्या बाईने पाऊल ओळखलं होतं.

उर्बाना तशीच उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक मातीत. मग पाय खाली घेतला आणि घरी गेली. कोडं वहीत लिहिलं. खाली उत्तर लिहिलं नाही. विचारणारी आणि सांगणारी आता ती एकटीच होती.